पहाटेच्या पाण्यासाठी कोणते हातमोजे घ्यावेत?

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग व उन्हाळ कांदा आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाणी भरताना बोटे बधिर होतात आणि सुती हातमोजे लगेच भिजतात. काय वापरावे?

उत्तर : निफाडच्या थंडीत तुमची खरी अडचण थंडीइतकीच ओलीची आहे. विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बहुधा कोमट असते. बोटे गारठतात ती ओल्या हातांवर वारा लागल्यावर. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि त्यामुळे हात उघडे असण्यापेक्षाही वाईट अवस्था होऊ शकते. म्हणून आत लोकरीचे पातळ हातमोजे आणि त्यावर मनगटाच्या वरपर्यंत येणारे, एक माप मोठे रबरी हातमोजे घालावेत, कारण घट्ट हातमोज्यांत रक्तप्रवाह मंदावतो आणि ऊब धरणारी हवाही उरत नाही. लोकर दमट झाली तरी काही ऊब राखते; तरीही आतली एक कोरडी जोडी खिशात असावी.

घडांच्या विरळणीसाठी मात्र जाड हातमोजे निरुपयोगी आहेत, कारण कात्रीची पकड सुटते. तेथे तळव्याला व बोटांना लॅटेक्सचा (नैसर्गिक रबर) किंवा नायट्राइलचा (कृत्रिम रबर) लेप दिलेले, आतून अस्तराचे विणलेले हातमोजे योग्य ठरतात.

दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. ओल्या हातमोज्यांनी मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नका. औषध फवारणीसाठी हे अस्तराचे हातमोजे मुळीच वापरू नका, कारण अस्तरात औषध मुरून त्वचेशी लागून राहते. त्यासाठी बिनअस्तराचे नायट्राइलचे हातमोजे वेगळे ठेवा.