आदेश आठ महिन्यांपूर्वीचा, पैसे अजून नाहीत

प्रश्न : मी २०१७ मध्ये फ्लॅट बुक केला. ताबा डिसेंबर २०२० चा होता. इमारत अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे. आठ महिन्यांपूर्वी महारेराने (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने) सगळी रक्कम व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. बिल्डर म्हणतो, 'आम्ही अपिलात गेलोय.' आता त्याचा माणूस निम्म्यावर मिटवू म्हणतो आणि करार रद्द करण्याच्या कागदावर सही मागतो. करू का?

उत्तर : आज तरी करू नका. तुमच्या हातातला सर्वांत वजनदार कागद तो नोंदणीकृत करारच आहे.

आधी त्या अपिलाचं बघू. अपिलाचा क्रमांक मागा. बहुतेकदा तिथेच बिल्डरची गाडी अडते. रेरा कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे अपिलाची मुदत ६० दिवसांची. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं. शिवाय कलम ४३(५) नुसार तुम्हाला द्यायची पूर्ण रक्कम, व्याजासकट, अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात भरल्याशिवाय बिल्डरचं अपील ऐकलंच जात नाही. आणि नुसतं अपील दाखल झालं म्हणून आदेश थांबत नाही. त्यासाठी स्थगिती मिळवावी लागते.

आता वसुली. आदेश निघाला की महारेरा आपणहून पैसे काढून देईल, हा समज मी रोज ऐकतो. आदेश पाळला नाही, असा अर्ज तुम्हालाच करावा लागतो. सोबत आदेशाची प्रत आणि हिशेबाचा तक्ता जोडा : कोणत्या तारखेला किती भरले, त्यावर आजवर किती व्याज झालं. महाराष्ट्राच्या नियमांत व्याजाचा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधारभूत व्याजदर) अधिक २ टक्के असा आहे. मग कलम ४०(१) खाली वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, म्हणजे जप्ती-लिलावाने, वसूल करता येते.

वॉरंट अडकतं ते तहसील कार्यालयात. तिथल्या माणसाला बिल्डरची मालमत्ता शोधायला ना वेळ असतो, ना माहिती. ती तुम्ही पुरवा. महारेराच्या संकेतस्थळावर त्याचे इतर प्रकल्प आणि न विकलेले फ्लॅट दिसतात. सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड मात्र स्वतः काढून बघा, कारण पुष्कळदा जमीन मूळ मालकाच्याच नावावर असते, बिल्डरकडे फक्त विकसन करार असतो, आणि मग जप्त करायला हाती काही लागत नाही. ही यादी अर्ज लिहून तहसीलदारांकडे द्या, पोच घ्या, आणि दर पंधरवड्याला चक्कर मारा. कंटाळवाणं आहे, पण फाइल त्यानेच हलते.

कलम ६३ खाली आदेश न पाळल्याच्या प्रत्येक दिवसाचा दंड लागू शकतो, एकूण प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. तो सरकारजमा होतो, तुमच्या खिशात येत नाही. तरी अर्जात मागाच. बिल्डरला त्याचीच धास्ती जास्त असते.

तडजोड करायचीच झाली तर तिच्या अटी लेखी करून महारेरासमोर दाखल करा, हप्ता चुकल्यास मूळ आदेश जसाच्या तसा लागू राहील हे वाक्य त्यात घाला, आणि रद्द-करारावर सही शेवटचा पैसा खात्यात जमा झाल्यावरच करा.

एक नजर वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनांवरही असू द्या. बिल्डर कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तर वसुली थांबते, आणि तुम्हाला मुदतीत तिथे दावा लावावा लागतो. रेराचा आदेश हाती असला तरी घरखरेदीदार म्हणून तुमचं वित्तीय धनकोचं, म्हणजे कंपनीला कर्ज देणाऱ्या बँकेसारखं, स्थान जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.