वाचकांचे प्रश्न : माणसामागचा खरा खर्च सरकार मोजतं कसा?

प्रश्न : साकीनाक्याला माझा गाळा आहे, शीट मेटलचं काम, पंचवीसेक माणसं. एएसआयचा फॉर्म भरा म्हणून पत्र आलंय. त्यात पगार, बोनस, पीएफ, वेल्फेअर सगळं वेगवेगळं विचारलंय. आमचे अकाउंटंट म्हणतात बॅलन्स शीटमधला लेबरचा एकच आकडा टाकून मोकळे व्हा. चालेल का? आणि ही माहिती पीएफवाल्यांकडे नाहीतर इन्कम टॅक्सकडे जाणार नाही ना?

उत्तर : आधी भीतीचं बोलू. एएसआय म्हणजे अ‍ॅन्युअल सर्व्हे ऑफ इंडस्ट्रीज, सरकारचा कारखान्यांचा वार्षिक सर्व्हे, तो 2008 च्या सांख्यिकी संकलन कायद्याखाली होतो. माहिती देणं बंधनकारक आहे, पण तुम्ही दिलेली माहिती फक्त आकडेवारीसाठीच वापरायची असंही तोच कायदा सांगतो. तुमच्या गाळ्याचं नाव कुठे छापून येत नाही. तेव्हा बिनधास्त खरं भरा.

आता एकच आकडा का नको ते. समजा तुमच्याकडच्या हेल्परचा बेसिक आणि डीए मिळून महिना 15,000 आहे. त्यातून त्याचा पीएफ 1,800 कापला, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, 113, प्रोफेशनल टॅक्सचे 200, म्हणजे हातात आले 12,900 च्या आसपास. तो म्हणणार माझा पगार तेरा हजार. तुमच्या बाजूने बघा मात्र. मालकाचा पीएफ 12 टक्के म्हणजे 1,800, इन्शुरन्स आणि अ‍ॅडमिन चार्जेस अर्धा-अर्धा टक्का म्हणजे आणखी 150, ईएसआय 3.25 टक्के म्हणजे 488, बोनस कमीत कमी 8.33 टक्के, सोपं जावं म्हणून पूर्ण पगारावर धरला तर महिन्याला 1,250, आणि ग्रॅच्युइटीसाठी बाजूला ठेवायचे साधारण 720. मूळ 15,000 धरून झाले की नाही 19,400! एकाच माणसाचे तीन आकडे, तिन्ही खरे, आणि लेबर कॉस्ट म्हणजे यातला शेवटचा. चहा, कॅन्टीन असला काही खर्च असेल तर तो वेल्फेअरमध्ये, म्हणजे त्याच्यावर अजून.

इथे एक गडबड फार होते. पगाराच्या कॉलममध्ये कपातीच्या आधीचा पूर्ण पगार टाकायचा असतो, ओव्हरटाइमसकट. म्हणजे कामगाराचा स्वतःचा पीएफ त्यात आलेलाच आहे. तरी बरेच जण पीएफ भरल्याचं चलान समोर ठेवतात आणि चलानवरची पूर्ण रक्कम, त्याचा आणि मालकाचा दोन्ही हिस्से, पीएफच्या कॉलममध्ये उतरवतात. मग तेच 1,800 दोनदा मोजले जातात. तुमच्या माणसाला सांगा, चलानमधला फक्त मालकाचा हिस्सा घे.

तुम्ही म्हणाल एका गाळ्याच्या चुकीने देशाचं काय बिघडतंय. तर मोठे कारखाने या सर्व्हेत सगळेच्या सगळे घेतात, पण तुमच्यासारख्या लहानांमधून सॅम्पल काढतात, जिल्हा आणि धंद्याचा प्रकार बघून. तुमचा नंबर लागला म्हणजे तुम्ही एकटे नाही, तुमच्यासारख्या अजून काही गाळ्यांच्या वतीने तुम्ही फॉर्म भरताय, कारण बेरीज करताना तुमच्या आकड्याला गुणक लावतात. चूकही त्याच गुणकाने वाढते.

आणि हजेरी! मस्टर नीट बघून भरा. वर्षभराच्या सगळ्या पाळ्यांची हजेरी मिळून मॅनडेज होतात, त्याला कारखाना जितके दिवस चालला त्या दिवसांनी भागलं की सरासरी माणसं निघतात. काम झालेले दिवस वेगळे आणि पगार दिलेले दिवस वेगळे, भरपगारी सुट्ट्या फक्त दुसऱ्यात येतात. कॉन्ट्रॅक्टरकडची माणसं पण वेगळ्या ओळीत दाखवायची, गाळायची नाहीत. खर्च बरोबर आणि माणसं कमी दाखवली तर डोईखर्च फुगतो, आणि मग लेबर किती महाग झालंय बघा म्हणत तोच आकडा लोक नाचवतात.

पगार, बोनस, पीएफ, वेल्फेअर हे वर्गीकरण आपल्याकडच्या कुणा बाबूने काढलेलं नाही. 1966 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सांख्यिकी परिषदेने लेबर कॉस्टमध्ये काय काय धरायचं ते ठरवलं, त्यात घर, ट्रेनिंग, कामाचे कपडे, ने-आण इथपर्यंत सगळं आहे. युरोपात दर चार वर्षांनी यासाठी खास सर्व्हे होतो, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांचा. अमेरिकेत तर दर तासाचा खर्च काढतात, तिथे खाजगी क्षेत्रात पगार सोडून बाकीच्या गोष्टींचाच वाटा जवळपास 30 टक्के निघतो.

प्रश्न : माझे बाबा भांडुपला एका वर्कशॉपमध्ये आहेत, सात-आठच माणसं. कारखान्यातला सरासरी मोबदला वाढला असं दरवर्षी वाचते. घरी तर तसं काही जाणवत नाही. मग हे आकडे खोटे का?

उत्तर : खोटे नाहीत गं, पण तुझे बाबा त्यात नाहीत. एएसआयमध्ये मुख्यतः फॅक्टरी अ‍ॅक्टखाली नोंदलेले कारखाने येतात, म्हणजे नोव्हेंबर 2025 पर्यंतच्या नियमाने वीज वापरून 10 किंवा विजेशिवाय 20 कामगार असलेले. आठ माणसांचं वर्कशॉप सहसा त्याच्या बाहेरच राहतं. अशा, कंपनी म्हणून न नोंदलेल्या धंद्यांसाठी दुसरा सर्व्हे आहे, असूसे (ASUSE) म्हणतात त्याला. त्याच्या 2023-24 च्या निकालात पगारी माणसाचा वर्षाचा सरासरी मोबदला साधारण 1 लाख 41 हजार आला. महिन्याला बारा हजारही नाही होत. बाबांच्या पगाराशी ताडायचं तर हा आकडा घे.

शिवाय कारखान्याच्या सरासरीत मॅनेजर-सुपरवायझरही असतात. चार जणांचा पगार जोरात वाढला की चाळीस जणांची सरासरी वर जाते, म्हणून बातमीत आकडा दिसला की तो फक्त कामगारांचा आहे की सगळ्यांचा हे आधी बघ, दोन्ही वेगवेगळे छापतात. आणि हे सगळं चालू रुपयांत असतं. महागाई त्यातून वजा केलेली नसते. त्यासाठी लेबर ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा महागाई निर्देशांक दर महिन्याला येतो, पायाभूत वर्ष 2016, मुंबईचा आकडा त्यात स्वतंत्र मिळतो. बाबांचा गेल्या वर्षीचा आणि यंदाचा पगार काढ, किती टक्के वाढला बघ आणि त्याच महिन्यांचा मुंबईचा निर्देशांक किती टक्के वाढला ते शेजारी लिही. पगाराची टक्केवारी कमी निघाली तर मालकाशी बोलताना तो कागद बाबांच्या खिशात असू दे.