थांबलेली बस मागे जात नाही

प्रश्न : ताशी ३६ किमी वेगाने जाणाऱ्या बसला ब्रेक लावल्यावर तिचा वेग दर सेकंदाला २ मी/से ने कमी होतो. ८ सेकंदांत ती किती अंतर कापेल? सूत्राने माझं उत्तर १६ मीटर आलं, पुस्तकात २५ आहे. चूक कुठे झाली? – इयत्ता नववी, दादर

उत्तर : तुझं गणित बरोबर आहे, चुकली ती वेळ. ३६ ला ५/१८ ने गुणून तू १० मी/से केलेस, त्वरण (दर सेकंदाला वेगात होणारा बदल) ऋण घेतलेस, हे उत्तमच. बहुतेक मुलं तिथेच घसरतात. पण १० ला २ ने भाग : बस ५ सेकंदांतच थांबते. पुढचे ३ सेकंद ती उभी आहे. सूत्राला हे कळत नाही. त्वरण तसंच चालू आहे असं धरून ते बसला उलट्या दिशेने ९ मीटर मागे नेतं, आणि २५ वजा ९ म्हणजे तुझे १६. मुळात ut + ½at² (u सुरुवातीचा वेग, a त्वरण, t वेळ) हे सूत्र विस्थापन देतं, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं दिशेसकट सरळ अंतर. दिशा बदलली की अंतर वेगळं मोजावं लागतं.

म्हणून ब्रेकच्या गणितात आधी थांबण्याची वेळ काढ. दिलेली वेळ त्याहून जास्त असेल तर थांबण्याचीच वेळ सूत्रात घाल : १० × ५ − ½ × २ × २५ = ५० − २५ = २५ मीटर.

पडताळा हवा? सरासरी वेग (१० + ०) ÷ २ = ५ मी/से, गुणिले ५ सेकंद. तेच २५. वेग-काळ आलेखातल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळही हेच येतं. आलेख काढायचा कंटाळा करू नकोस.