वाचक विचारतात : विजेच्या जोडण्या कशा स्वच्छ कराव्यात?

प्रश्न : हीटरचा प्लग थोड्याच वेळात इतका तापतो की त्याला हात लावता येत नाही. पिना पॉलिश पेपरने घासून लखलखीत केल्या, पण दोन दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. काय चुकते आहे?

उत्तर : दोष बहुधा पिनांत नसून सॉकेटच्या आतील पितळी पट्ट्यांत आहे. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले, तरी ते एकमेकांना मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकतात आणि सगळा प्रवाह तेवढ्याच ठिपक्यांतून जातो. पट्टी सैल झाली की दाब कमी होतो, ठिपके घटतात आणि रोध वाढतो. 10 अँपिअर प्रवाहाच्या वाटेत असा केवळ 0.1 ओहमचा रोध आला, तरी त्या एका जागी 10 वॅट उष्णता निर्माण होते, आणि तीही प्लास्टिकच्या बंद खोबणीत, जिथून तिला बाहेर पडायला वाट नसते. तापल्यामुळे पट्टीची स्प्रिंगसारखी पकड आणखी ढिली पडते, धातूवर ऑक्साइडचा थर चढतो आणि जोडणी दिवसेंदिवस अधिकच तापू लागते. म्हणून प्लग आत ढिला बसत असेल किंवा सॉकेटच्या भोकांभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडले असेल, तर घासत बसण्यात अर्थ नाही. मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून सॉकेट बदलावे.

त्याच वेळी प्लग उघडून तारेचे स्क्रूही पाहावेत. तारेचे मोकळे धागे एकत्र राहावेत म्हणून काही जण त्यांच्या टोकाला सोल्डर लावून ते स्क्रूखाली दाबतात. हे टाळावे, कारण सोल्डर मऊ असते, दाबाखाली ते हळूहळू पसरते आणि घट्ट आवळलेला स्क्रू काही महिन्यांत सैल झालेला आढळतो.

प्रश्न : संगणकाच्या मेमरी कार्डाची सोनेरी टोके खोडरबराने घासल्यावर संगणक सुरू होतो. हा उपाय योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते नाही, आणि तो बंद व्हावा असे मला मनापासून वाटते. या टोकांवरचा सोन्याचा मुलामा बहुधा एक मायक्रॉन किंवा त्याहूनही पातळ असतो. त्याखाली निकेल आणि निकेलखाली तांबे असते. खोडरबराने प्रत्येक वेळी थोडे सोने निघते, आणि एकदा तांबे उघडे पडले की तिथे खराखुरा गंज धरू लागतो. सोने स्वतः गंजत नाही. त्यावर बसते ती धूळ आणि बोटांचे तेल. संगणक सुरू झाला याचे श्रेयही पुष्कळदा खोडरबराचे नसते. कार्ड काढून पुन्हा बसवताना टोके आणि स्प्रिंगा एकमेकांवर घासतात आणि मळ आपोआप बाजूला सरतो. म्हणून वीजपुरवठा तोडून कार्ड दोन-तीन वेळा काढून बसवावे. तेवढ्याने भागले नाही, तर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने टोके पुसावीत. औषधाच्या दुकानातील 70 टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये बाकीचे पाणी असते, ते या कामाला नको.

रिलेच्या (विजेने आपोआप उघडझाप करणाऱ्या स्विचच्या) चांदीच्या काँटॅक्टांनाही, म्हणजे एकमेकांना टेकणाऱ्या टोकांनाही, कानस लावू नये. वीज बंद करून साध्या कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवावी, काँटॅक्ट बोटाने हलकेच मिटवून ती मधून ओढावी. कागदावर राखाडी रेघ उमटते. पट्ट्या बदलत जावे आणि रेघ उमटेनाशी झाली की थांबावे.

प्रश्न : गाडीच्या बॅटरीची टोके खाण्याच्या सोड्याने छान निघतात. रिमोटमधील सेल गळल्यावर तोच उपाय केला, पण पांढरा थर हटला नाही. असे का?

उत्तर : गाडीच्या बॅटरीत गंधकाम्ल असते आणि सोडा त्याला उदासीन करतो. अल्कलाइन सेलमधून गळते ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. ते मुळातच अल्कधर्मी असल्यामुळे सोड्याचा त्यावर काही परिणाम होत नाही. तिथे कापसाच्या काडीवर थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्यावा; पांढऱ्या खपलीवर बारीक बुडबुडे येतात. नंतर पाण्याने ओलावलेल्या काडीने आम्लाचा अंश पुसावा, शेवटी अल्कोहोल फिरवून पूर्ण वाळू द्यावे. हातात मोजे असावेत आणि डोळे सांभाळावेत. स्प्रिंगचा मुलामा उडून लोखंड दिसत असेल, तर स्प्रिंग बदलणेच बरे.

गाडीची टोके साफ करताना ऋण टोक आधी सोडवावे आणि शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून गाडीच्या धातूला लागला तरी ठिणगी उडत नाही.

प्रश्न : ग्रीस विद्युतरोधक असते असे वाचले. मग ते जोडणीवर लावल्यावर वीज जाते कशी?

उत्तर : जोडणी घट्ट दाबली गेली की उंचवट्यांच्या टोकांवरून ग्रीस बाजूला सरते आणि धातू धातूला भिडतो, आजूबाजूच्या फटींत उरलेले ग्रीस हवा आणि ओलावा आत येऊ देत नाही. त्याचे काम तेवढेच. म्हणून आधी जोडणी स्वच्छ व कोरडी करावी, मग पातळ थर द्यावा. मळावर ग्रीस चोपडले तर मळच आत कोंडला जातो. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेलीही चालते, ती क्लॅम्प आवळून झाल्यावर वरून लावावी. मात्र ज्या स्विच किंवा रिलेत ठिणगी पडते, तिथे सिलिकॉनचे ग्रीस जवळपासही नको, कारण ठिणगीच्या उष्णतेने सिलिकॉनचे रूपांतर वाळूसारख्या सिलिकात होते आणि तो विद्युतरोधक थर नेमका काँटॅक्टवरच बसतो.