होडीला मोठं इंजिन लावलं तर ती दुप्पट पळेल का?

तुम्ही लिहिलंय की तुमची 24 फुटी फायबरची होडी आहे, मागे 9.9 एचपीचं टू-स्ट्रोक मशीन आहे, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेता आणि शेजारच्या होड्या तुमच्या पुढे निघून जातात. बर्फावरच्या स्नोमोबाईलचे व्हिडिओ बघून तुमचं मत झालंय की सगळा खेळ एचपीचा आणि हवा कापणाऱ्या आकाराचा आहे. म्हणून 25 एचपीचं मशीन घेऊ का, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, अजून टोकदार करू का आणि छप्पर काढून टाकू का, असं विचारताय.

25 लावून होडी दुप्पट पळणार नाही. माणसांनी भरलेल्या होडीत एक-दीड नॉट (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर) वाढला तरी पुष्कळ झालं. मशीनला पैसे मोजण्याआधी आत्ताच्या मशीनचा पाण्यातला पंखा (प्रोपेलर) काढा आणि त्याच्यावर कोरलेले आकडे वाचा.

हा वाद आमच्या घरात होऊन गेलाय. त्यात एक हंगाम गेला, एक जाळं गेलं आणि आम्हा दोघा भावांची एक होडी होती ती वाटणीत गेली. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आम्ही देवबागचे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर आमची घरं. बाबांची होडी 22 फुटांची, तिला 9.9. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, जाळं ओढून परत यायचं आणि मासळी मालवणच्या लिलावात न्यायची. लिलावाला जो उशिरा पोचतो त्याला पडेल तो भाव घ्यावा लागतो. आम्ही रोज उशिरा पोचायचो. बाबा गेल्यावर होडी दादाच्या हातात आली आणि पहिल्याच महिन्यात त्याने ठरवलं की मशीन लहान आहे. मी तेव्हा आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन आलो होतो. मी म्हटलं, आधी पंखा बघूया, होडीचा तळ खरवडूया, मग मशीनचं बघू. दादा म्हणाला, "पंख्यात काय आसा? ताकद इंजिनात आसता. तू आयटीआयत काय शिकलंस ता थयच ठेव."

नारळी पौर्णिमेच्या आधी आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि जुनं 25 एचपीचं टू-स्ट्रोक घरी आलं. विकणाऱ्याने ते एका हलक्या, सपाट बुडाच्या स्पीड बोटीवरून काढलं होतं आणि पंखाही तिचाच होता, 13 इंच पिचचा (पिच म्हणजे काय ते पुढे सांगतो). हे त्याने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी दादाने मला एकट्याला घेऊन खाडीत फेरी मारली. होडी रिकामी, पाणी शांत. ती नाळ वर करून अशी सुटली की किनाऱ्यावरची पोरं ओरडायला लागली. दादाचा चेहरा मला अजून आठवतो. बाबा गेल्यापासून तो असा हसला नव्हता. त्या फेरीनेच पुढचा सगळा घोळ केला. त्यानंतर जाळी, बर्फ आणि पाच माणसं भरून बाहेर गेलो की हातातल्या जीपीएसवर 6.8 नॉटच्या वर आकडा जाईना. जुन्या 9.9 वर 5.7 मिळायचे. एचपी अडीचपट आणि मिळकत 1.1 नॉट. पेट्रोल मात्र मोजून दुप्पट.

असं का होतं ते सांगतो. पाण्यातून जाणारी होडी स्वतःची लाट उठवते आणि वेग वाढतो तशी ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली की होडी दोन शिखरांच्या मधे अडकते. त्यापुढे नेऊ गेलात की पिछाडी खोलात बसते, नाळ आपल्याच लाटेवर चढते आणि होडी कायम चढावर चालते. ही हद्द काढायचा ढोबळ हिशोब जुना आहे: पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि 1.34 ने गुणा. आमच्या होडीची पाण्यातली लांबी 20 फूट, म्हणजे 6 नॉट. तुमची 22 धरली तर 6.3 नॉट, ताशी साडेअकरा किलोमीटर. या हद्दीच्या बऱ्याच अलीकडेसुद्धा ताकद वेगाच्या घनाच्या हिशोबाने लागते, म्हणजे दुप्पट वेगाला आठपट. हद्दीजवळ तर त्याहून जास्त.

ही हद्द ओलांडायचा एकच मार्ग आहे, होडीने पाण्यावर चढून घसरत जायचं. त्यासाठी मागचं बूड सपाट आणि रुंद लागतं, आणि दर एचपीमागे 20 ते 25 किलोपेक्षा जास्त वजन चालत नाही. तुमची होडी, मशीन, पेट्रोल आणि दहा माणसं मिळून 1400 किलो तरी भरतील. भागून बघा, 60 एचपीच्या आसपास आकडा येतो. 25 वर ती चढाच्या मध्यावर अडकून राहणार, नाळ आकाशाकडे आणि पेट्रोल तासाला दहा लिटर. शेजारच्यांच्या होड्या पुढे जातात त्या बहुधा सपाट बुडाच्या आणि हलक्या असणार. त्यांच्याशी तुलना करू नका.

आता तुमची स्नोमोबाईल. 850 सीसीच्या टू-स्ट्रोक स्नोमोबाईलचं इंजिन 165 एचपी देतं आणि गाडीचं वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास असतं. टू-स्ट्रोक प्रत्येक फेऱ्याला पेटतं, फोर-स्ट्रोक एक फेरा सोडून, म्हणून लहान इंजिनात एवढी ताकद बसते. पण तुम्ही बघायची गोष्ट दुसरी आहे. त्या गाडीत पट्ट्याचा क्लच असतो. तो बर्फ मऊ असो की कडक, गिअर आपोआप बदलत इंजिनाला आठ हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास धरून ठेवतो, कारण इंजिन पूर्ण ताकद तिथेच देतं. आपल्या आउटबोर्डला, म्हणजे होडीच्या मागे टांगलेल्या मशीनला, पुढचा एकच गिअर. मशीन किती आरपीएमवर जाईल ते फक्त पंखा ठरवतो. मशीनवर 25 लिहिलेलं असतं ते 5000 ते 5500 आरपीएमला. त्याच्या खाली ते 25 नसतंच.

हे मला तेव्हा पुस्तकातून नाही कळलं. नोव्हेंबरात संगमाच्या तोंडाशी आमची होडी पाण्याने भरली. ओहोटीच्या उलट लाटा उठत होत्या. नवीन मशीन जुन्यापेक्षा बारा-तेरा किलोंनी जड, त्यामुळे पिछाडी आधीच बसलेली. एका लाटेवर पंखा वर आला, हवा खाल्ली आणि मशीन किंचाळलं. जोर गेला, होडी आडवी झाली आणि पुढची लाट आत. आम्ही पाच जण होतो. पाणी उपसत, जाळं कापून समुद्रात सोडून आत आलो. भोगव्याच्या बाजूला लागलो तेव्हा दादाने पहिलं वाक्य उच्चारलं, "40 चा व्हया होता." मला त्या क्षणी जो राग आला तो अजून पूर्ण गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच मशीन टेम्पोत घालून मालवणात एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मशीनला हात लावला नाही. पंखा बघितला आणि म्हणाले, "झिला, हो पंखो एका घासात खूप पाणी गिळूक बघता. इंजिनाक झेपना नाय." त्यांनी प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा आरपीएम मीटर दिला. भरलेल्या होडीत पूर्ण थ्रॉटलला आकडा आला 4100. म्हणजे आईच्या पाटल्या घालून घेतलेलं 25 एचपी आम्ही कधी वापरलंच नव्हतं.

पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, पाणी घट्ट असतं तर, जेवढा पुढे गेला असता तेवढे इंच. मशीन 4100 आरपीएमवर, गिअर साधारण दोनास एक, म्हणजे पंखा 2050. 13 इंच पिच म्हणजे हिशोबाने 22 नॉट. होडी चालतेय 6.8 ने! उरलेलं सगळं पाणी घुसळण्यात जातं. मिस्त्रींनी 9 इंच पिचचा, पात्यांना जास्त रुंदी असलेला पंखा दिला. आरपीएम 4900 वर गेले, वेग 7.4 आणि पेट्रोल कमी. मशीनची पट्टीही त्यांनी होडीच्या बुडाच्या रेषेत आणून दिली. पंख्याच्या वरची ती आडवी पट्टी बुडापेक्षा बरीच वर असेल तर पंखा हवा खातो. आमची दोन इंच वर होती.

मग मी जे केलं ते घरात कुणी विसरलेलं नाही. तळ खरवडला, शिंपल्यांचा थर निघाला तो दोन घमेली. जुनं 9.9 पुन्हा लावलं, त्याला 7 इंच पिचचा पंखा, आणि त्याच वजनाने, त्याच माणसांसह बाहेर गेलो. 6.2 नॉट. दादाच्या 25 ने पहिल्या तीन महिन्यांत दिलं होतं त्याच्यापेक्षा फक्त 0.6 कमी, निम्म्याहून कमी पेट्रोलवर. लिलावाला वेळेत पोचलो. दादा म्हणाला, ओहोटीची ओढ होती. मी येताना-जाताना दोन्ही वेळा मोजलं होतं, ते त्याने ऐकून घेतलं नाही. त्या हंगामाच्या शेवटी त्याने 25 घेतलं, मी होडी आणि 9.9 घेतलं. आज त्याच्याकडे 40 आहे. सणावाराला एकत्र जेवतो, पण मशीनचा विषय निघाला की वहिनी पानात काहीतरी वाढायला येते.

छप्पर. इथे तुमचा अंदाज अर्धा बरोबर आहे. होडीच्या स्वतःच्या वेगाने जी हवा लागते ती विसरा, 6 नॉटला ती काहीच नाही. हवा कापणारा आकार स्नोमोबाईलला ताशी शंभरच्या वर उपयोगी पडतो. पण दुपारी खारा वारा सुटला की हिशोब बदलतो. समोरचा प्लास्टिकचा पडदा दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच असेल, आणि 15 नॉटचा वारा तोंडावर घेत होडी 6 नॉटने जात असेल, तर होडीला 25 किलोची मागे ओढ बसते. पंख्याची निम्मी ताकद पाण्यात वाया जाते हे धरलं तर मशीनचे 2 एचपी त्या पडद्यात गेले. 9.9 मधले 2! तेव्हा छप्पर ठेवा, माणसांना ऊन लागतं, पण समोरचा पडदा गुंडाळा.

नाळ टोकदार करू नका. त्याने वेग वाढत नाही. टोकदार नाळेला वर उचलणारं रुंदपण नसतं, ती लाटेत घुसते आणि पाणी आत घेते. त्याच पैशांत तळ साफ करून रंग मारा. आणि पर्यटकांना मागे कोंबून बसवू नका, दोन जाडजूड माणसं पुढे बसवा. पिछाडी उचलली गेली की फरक तुम्हाला त्याच फेरीत दिसेल.

काही गोष्टी राहिल्या. माझे आकडे जुन्या टू-स्ट्रोकचे आहेत. नवी फोर-स्ट्रोक पेट्रोल बरंच कमी खातात, पण त्याच एचपीला जड असतात, ते वजन पुन्हा पिछाडीवरच येतं. पिच फार कमी केलंत तर रिकाम्या होडीत मशीन हद्दीपलीकडे फिरेल आणि पिस्टन जाईल, म्हणून रिकाम्या फेरीत थ्रॉटल आवरा. संगमासारख्या तोंडातून बाहेर पडावं लागत असेल तर थोडी जास्तीची ताकद हाताशी हवी हे मीही मानतो, तेवढ्यापुरता दादा बरोबर होता. त्यासाठी 15 पुरे. बऱ्याच कंपन्यांचं 9.9 आणि 15 एकाच ब्लॉकचं असतं, वजन वाढत नाही. आणि तुम्ही माणसं नेता, तेव्हा मशीन बदलण्याआधी बंदर कार्यालयात जाऊन कागद बघून घ्या, होडीच्या नोंदणीत एचपी लिहिलेलं असतं.

पंख्यावर दोन आकडे असतील, पहिला व्यास आणि दुसरा पिच. ते दोन्ही, पूर्ण भरलेल्या होडीत फुल थ्रॉटलला येणारे आरपीएम आणि होडीचं बूड मागे सपाट आहे की निमुळतं, एवढं इथे लिहा. कोणता पंखा घ्यायचा ते सांगतो.