जुनी अल्टो विकायची आहे, पण दारं गंजली आहेत

प्रश्न : माझ्याकडे 2012 सालची अल्टो आहे. गुडघ्यांमुळे क्लच दाबणं आता झेपत नाही, म्हणून ही विकून ऑटोमॅटिक घ्यायची आहे. दारांच्या खालच्या कडांना गंज आहे. पेंटर म्हणतो, लांबी (पुट्टी) भरून रंग मारू, भाव वाढेल. वाडीतला ओळखीचा मुलगा रोख पैसे द्यायला तयार आहे, पण नावावर सावकाश करू म्हणतो. काय करावं?
— निवृत्त शिक्षिका, गुहागर

उत्तर : बाई, पेंटरला आधी थांबवा. आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या गाडीचं दार आतून गंजतं. दाराच्या तळाला पाणी निघायला बारीक भोकं असतात. पावसाळ्यात त्यांत लाल माती आणि पाला बसतो, काचेवरून उतरलेलं पाणी आतच राहतं. खाऱ्या हवेत मग पत्र्याला किती वेळ लागणार? वरून लांबी भरलीत तर पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड येतील आणि तो मुलगा रोज तुमच्या दारावरून जाणार. शिवाय घेणारे हल्ली खिशात लोहचुंबक घेऊन येतात. जाड लांबीवर ते धरत नाही. चिपळूणला माझ्या गॅरेजात ठरलेले व्यवहार तेवढ्यावरून मोडलेले पाहिले आहेत. इंजिन उत्तम असूनही.

रंगाचे पैसे वाचवा आणि गाडी रॅम्पवर चढवून खालून बघून घ्या. दाराची कड हा दिसण्याचा प्रश्न आहे. जॅक लावायची जागा आणि पायाखालचा पत्रा हा सुरक्षिततेचा. तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून दाबायला सांगा. आत गेलं तर नवा पत्रा वेल्ड करून घ्या. टणक लागलं तर फोटो काढा आणि दारांचा गंज दाखवताना तेही दाखवा.

नंबरप्लेटवर रत्नागिरीचं एमएच-08 पाहिलं की बाहेरचा माणूस 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुराबद्दल विचारणारच. गाडी तेव्हा गुहागरलाच असेल तर त्या सुमाराची सर्व्हिसची बिलं काढून ठेवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवा. गाडी पाण्यात गेलेली असेल तर आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाचा डाग बहुधा सापडतो.

आता त्या मुलाचं. 'सावकाश' अजिबात मान्य करू नका, मग तो कितीही घरचा असो. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. गाडी विकलेली, पुढे हातोहात गेलेली, पण नोंदणीवर नाव पहिल्याच मालकाचं. अपघाताची भरपाई कोर्टाने त्याच्यावरच टाकली. उद्या त्या मुलाने गाडी मित्राला दिली आणि हातखंब्याला काही झालं, तर नोटीस तुमच्या घरी येईल. मला या एका गोष्टीची खरी काळजी वाटते.

म्हणून त्याला सोबत घेऊन बसा. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या करा. कोऱ्या फॉर्मवर सही नको. दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि गाडी दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती ठेवा. अर्ज दाखल झाल्याची पोच हातात आल्यावरच किल्ली द्या. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर तो फॉर्म 35 देऊन आधी उतरवावा लागेल. कर्ज फिटलं तरी तो आपोआप जात नाही. थकलेली चलनंही आधीच भरून टाका.

2027 मध्ये गाडीला 15 वर्षं होतील, मग नव्याने नोंदणी आणि पर्यावरण कर आला. त्या खर्चासाठी तो भाव पाडून मागेल. थोडं सोडा, ते रास्त आहे. पैसे मात्र रोखीपेक्षा बँकेत घ्या आणि बॅलन्स स्वतः तपासा, त्याच्या मोबाइलवरचा मेसेज पाहून नव्हे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

फास्टॅग असेल तर बंद करा. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचं, पत्रही मागून घ्या. तो बोनस गाडीबरोबर जात नाही, तुमचाच असतो. तीन वर्षांच्या आत नवी ऑटोमॅटिक तुमच्याच नावावर घेतलीत तर तिच्या विम्यात सवलत मिळेल.