चार वर्षांचा मुलगा उशाशी सगळं सामान मांडून झोपतो, सवय मोडायची का?

फेकू नका, ताई. बाकीचं सावकाश बोलू, पण यजमानांना आज रात्रीच सांगून ठेवा की पोराचं सामान उकिरड्यावर जाणार नाही.

तुम्ही लिहिलंय की दिवाळीपासून मुलगा झोपताना उशाशी प्लास्टिकचा ट्रॅक्टर, तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लेकरांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी, चिंचोक्यांची डबी, बाबांचा दुपट्टा आणि स्वतःची चप्पलसुद्धा मांडतो. त्यातलं काही हललं की अर्ध्या रात्री उठून रडतो. शेजारी दहा महिन्यांची धाकटी झोपते. सासूबाई म्हणतात बाहेरची बाधा, यजमान म्हणतात फेकून दे, आणि उन्हाळ्यात भावाच्या लग्नाला हे सगळं कसं न्यायचं ही तुमची काळजी. मी वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. डॉक्टर नाही, पण तीन ते सहा वर्षांची लेकरं रोज माझ्यासमोर असतात, तेवढ्यावरून लिहिते.

बाधा नाही. सासूबाईंना दुखवू नका, पण एवढं विचारा की बारशाआधी याच पोराच्या उशाखाली चाकू कोणी ठेवला होता? आबांच्या उशाखाली खर्र्याची पुडी असते, घरातल्या कर्त्या माणसाच्या उशाखाली मोबाइल असतो. कोणीच रिकाम्या उशीवर झोपत नाही. पोरानं ट्रॅक्टर ठेवला तर त्याचंच नवल का?

आता तो रात्री उठून का रडतो ते सांगते. लहान लेकराची झोप सलग नसते. साधारण तासाभराचा एक फेरा संपला की ते थोडं जागं होतं, कूस बदलतं आणि परत झोपतं. मोठ्या माणसाचा हाच फेरा दीडएक तासाचा असतो. त्या अर्धवट जागेपणी डोळा लागताना जे जसं होतं ते तसंच आहे ना, एवढंच त्याला पाहिजे असतं. आई कुशीत होती, आता नाही. कूलर चालू होता, आता लाइन गेली. ट्रॅक्टर कानाशी होता, आता खाटेखाली पडला. काही बदललं की झोप पूर्ण मोडते. म्हणून 'झोपला की हळूच सगळं उचलून ठेवू' हा जो उपाय बहुतेक घरांत करतात, तोच उलटा पडतो. दुसऱ्या रात्री पोरगं सामान अजून घट्ट धरून झोपतं. काय उशाशी राहील आणि काय नाही, याची बोलणी तो जागा असताना करायची. झोपेत हात लावायचा नाही.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ होते, मनोविश्लेषणही करायचे. १९५३ साली छापलेल्या लेखात त्यांनी मांडलं की आईपासून थोडं सुटं व्हायला शिकताना लेकरू चादरीचं टोक, कापडी अस्वल अशी एखादी वस्तू जवळ धरतं, आणि हे निरोगी वाढीतलंच आहे. तेव्हापासून जगभर हेच सांगितलं जातं. खरंही आहे, पण ते मुख्यतः वेगळ्या पलंगावर, वेगळ्या खोलीत झोपणाऱ्या पोरांकडे पाहून लिहिलेलं आहे. पुढे १९७० साली इटलीत रेनाता गद्दिनी यांनी दाखवलं की आईजवळ झोपणाऱ्या, खेड्यातल्या मुलांत अशी वस्तू धरणारी पोरं शहरातल्यांपेक्षा बरीच कमी होती. मग आपलं लेकरू, जे आई आणि आजीच्या मधात झोपतं, ज्याला पाय पसरायला जागा नाही, ते एवढा पसारा कशाला जमवतं?

माझं मत असं आहे की आपल्याकडे यात आईच्या आठवणीपेक्षा मालकीचा भाग मोठा असतो. एकत्र घरात चार वर्षांच्या पोराचं स्वतःचं असं काय असतं? कपाट आईबाबांचं. कोनाडा देवाचा. फळीवर आजीचे डबे. तान्ह्या पोळ्याला नंदी सजवून तो दारोदार फिरला, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळाला, चार लोकांनी कौतुक केलं, आणि दुसऱ्या दिवशी चुलतभावानं त्याच नंदीचं चाक काढलं. मोठी माणसं म्हणाली, 'दे त्याले, तुहाच भाऊ हाये.' दिवसभर त्याची प्रत्येक वस्तू सगळ्यांची असते. रात्री डोळे मिटले की तिच्यावर नजर ठेवणारंही कोणी उरत नाही. मग तो सगळं गोळा करून अंगाशी घेतो. अंगणवाडीत एक पोरगी जेवणानंतर आपलं ताट छातीशी धरून आडवी व्हायची. मी विचारलं, "काहून वं, ताट घेऊन झोपली?" तर म्हणे, "अन् कोनी नेलं तं?" यापुढे मला कोणी मानसशास्त्र शिकवायची गरज पडली नाही.

तुम्ही 'दिवाळीपासून' लिहिलं, हे बरं केलं. दिवाळीनंतर हरभरा वर आला की रानडुकरं आणि रोही येतात, जागल, म्हणजे शेताची रात्रीची राखण, सुरू होते. त्यात ओलिताची लाइन रात्रीची असली तर माणूस अर्धी रात्र मोटरपाशी. तुमचे यजमान शेती करत असतील, तर दुपट्टा उशाशी का आला ते कळायला फार डोकं लागत नाही. बाबा रात्री नसतात, बाबांचा वास असतो. आणि धाकटी? ती याच दिवसांत रांगायला लागली असणार. रांगणारं भावंड म्हणजे मोठ्याच्या दृष्टीनं घरात शिरलेला चोर. ते जाईल तिथं हात घालतं, तोंडात कोंबतं, आणि वरून सगळे हसतात. हे दोन्ही एकाच हिवाळ्यात आलं तर ढीग वाढणारच. अशी वाढ मी आणखीही काही वेळा पाहिली आहे: आई बाळंतपणाला माहेरी गेली, घर पाडून बांधायला काढलं, आईबाप कामाला बाहेरगावी गेले आणि पोर आजीकडे राहिलं. दिवस सरले की ढीग आपोआप कमी होतो. पहिलीत जाईपर्यंत बहुतेकांची एखादीच वस्तू उरते, कोणाकोणाची राहतेही जन्मभर, त्यानं काही बिघडत नाही.

नवीन आणून जुनं बदलायच्या फंदात पडू नका. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या दोघांनी २००८ साली एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांनी दोन पेट्यांचं एक यंत्र दाखवलं. एका पेटीत वस्तू घाला, दुसरीत तश्शीच दुसरी तयार होते, असं भासवलं. साध्या खेळण्याची नक्कल घ्यायला पोरं खुशीत तयार झाली. पण ज्यांची झोपताना लागणारी लाडकी वस्तू होती, त्यांच्यातल्या काहींनी ती यंत्रात घालूच दिली नाही, आणि घातली त्यांच्यातल्या बहुतेकांनी आपली मूळचीच परत मागितली. म्हणजे बाजारातून नवा कोरा ट्रॅक्टर आणला तरी तुटक्या चाकाचाच उशाशी जाणार. दुपट्टा धुवायचा तरी त्याला सांगून, त्याच्यासमोर धुवा आणि रात्रीपर्यंत वाळेल असा सकाळीच टाका.

ढिगात काय आहे, याबाबत मात्र मी कडक आहे.

पहिली गोष्ट धाकटीची. वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडाजवळ उशी, कापड, मऊ खेळणं, काही नको. नाकावर आलं तर ते झोपेत बाजूला करायला जमेलच असं नाही. पाळण्यावरचं चिमणाळं वर टांगलेलं असतं म्हणून चालतं, ते खाली पाळण्यात नाही. तेव्हा दुपट्टा आणि ती एका अंथरुणावर नको. तिला तुमच्या दुसऱ्या बाजूला घ्या किंवा तिची झोपायची जागाच वेगळी करा. चिंचोक्यांची डबी तर आजच वर चढवा. तीन वर्षांखालच्या लेकरासाठी चिंचोका, गोटी, शेंगदाणा, सगळं सारखंच, श्वासनळीत अडकतं. मुलाला असं सांगा की डबी खाली राहिली तर धाकटी तुझे चिंचोके खाऊन टाकेल. तो स्वतः आणून देईल.

ट्रॅक्टरला दिवा किंवा भोंगा आहे का बघा. यात्रेतल्या खेळण्यांत बटणासारखा चपटा सेल असतो आणि झाकणाला कधी कधी स्क्रूसुद्धा नसतो. तो सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून खोल भाजू शकतं. स्क्रूचं झाकण नसेल तर सेल काढून टाका, पोराला मुका ट्रॅक्टरही चालतो. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआयचं चिन्ह सक्तीचं आहे, पण यात्रेतल्या पथारीवर ते कोण बघतं, म्हणून तुम्हीच बघा. नंदीच्या चाकाचे खिळे वर आले असतील तर ठोकून घ्या.

दुपट्टा यजमानांनी फवारणीला बांधलेला तर नाही ना, हे नक्की विचारा. तसा असेल तर तो पोराचा नाही. घरात घालायचा, धुतलेला दुसरा एक दुपट्टा बाबांनीच दोन दिवस गळ्यात ठेवून मग त्याला द्यावा. औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि रंगीत झाकणं पोरं बांधावरून उचलून आणतात, त्याच ढिगात ठेवतात. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते आपल्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. या एका बाबतीत लाड नाही, बोलणी नाही, रडला तर रडू द्या.

आणि जमिनीवर अंथरूण असेल तर पावसाळ्याआधी हे ठरवाच. भिंतीला लागून ढीग म्हणजे विंचवाला आयती जागा. मण्यार तर रात्रीच फिरते, झोपलेल्याच्या अंथरुणात येते, चावली तरी पुष्कळदा दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात जागरण झालं असेल. असं दिसलं तर मांत्रिकाकडे नाही, १०८ ला फोन करून थेट दवाखाना. शक्यतो खाटेवर झोपवा, खाट भिंतीपासून हातभर दूर, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. सामान मच्छरदाणीत जाण्याआधी एकेक वस्तू त्याच्याच हातानं झटकून घ्या. त्याला ते काम फार आवडेल बघा, मोजदादही होते.

उशाशी पसारा कमी करायचा असेल तर माझ्याकडचा एक उपाय सांगते. सामानाला जागलीवर पाठवा. बाबा शेतात जागलीला जातात हे त्याला माहीत आहे. मग रोज रात्री एकानं झोपायचं, बाकीच्यांनी जागलायचं. 'आज कोन झोपते अन् कोन जागलीले जाते?' हे त्यानंच ठरवायचं. जागलीवाले खाटेच्या पायथ्याशी एका खोक्यात, त्याला दिसतील असे उभे. चप्पल पुसून खाटेखाली, तीही पहाऱ्यावर. पहिल्या दिवशी दोघे जागलीवर गेले तरी खूप झालं. तो खोका त्याचा, आणि मोठ्या चुलतभावांनाही त्याला विचारल्याशिवाय हात घालता येणार नाही, हे घरातल्या मोठ्या माणसानं सगळ्यांसमोर सांगायचं. आबांनी सांगितलं तर उत्तम. माझ्या अनुभवात खोक्याचा कायदा पाळला गेला की उशाशी ढीग लवकर ओसरतो, आणि पाळला गेला नाही तर कुठलाच उपाय चालत नाही.

आता डॉक्टरांना दाखवायचं कधी. नुसतं मांडून झोपणं, रांगा लावणं, क्रम चुकला की रडणं, एवढ्यावरून काही समजू नका. पण नावानं हाक मारली तर वळत नाही, बोलणं वयाच्या मानानं फार मागे आहे, बोटानं काही दाखवत नाही, दुसऱ्या पोरांत खेळत नाही, किंवा बोलत होता आणि थांबला, असं काही सोबत असेल तर वाट पाहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, सेविकेला तारीख विचारून ठेवा. गरज वाटली तर ते पुढच्या तपासणीला पाठवतात, पैसे लागत नाहीत. तुमच्या लिहिण्यात मात्र असं काही दिसत नाही. चिंचोके मोजणारं, बाबांचा दुपट्टा मागणारं, चुलतभावाची तक्रार करणारं पोरगं मला तरी चांगलं शहाणं वाटतं.

लग्नाला दुपट्टा आणि नंदी न्या. दुपट्टा तुमच्या हाताखालच्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही, कारण बॅगा कुठल्या गाडीत जातील याचा भरवसा नसतो. ट्रॅक्टर खोक्यात घालून आबांच्या ताब्यात द्या, आणि ते त्यानं स्वतः द्यावं. चप्पल तर पायात येईलच. ती मंडपाबाहेर काढायला सांगाल तेव्हा जो गोंधळ होईल, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.